लेकरू गुमान का आहे?

(जळगाव जामोद येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

ही व्याख्यानमाला एका परिचारिकेच्या स्मरणार्थ चालते, म्हणून विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. पाळण्यातली आणि रांगती लेकरं, त्यांचं निजणं, रडणं, दुखणं आणि वाढणं, याविषयी मी आज बोलणार आहे.

बाळंतिणीच्या खाटेशी बसलं की आपल्या भागात एक कौतुक हमखास कानावर येतं. “लेकरू मोठं गुणाचं आहे जी, दिवसभर आवाज नाही त्याचा. कसं गुमान पडून राह्यते!” आई हसते, सासू समाधानाने मान हलवते. मला मात्र तिथे दोन प्रश्न विचारावेच लागतात. कालही असंच होतं का? आणि अंगावर पिताना ओढ पहिल्यासारखीच आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरं चांगली आली, तर मीही त्या कौतुकात सामील होतो. नाही आली, तर गाडी बोलवायला सांगतो.

मला म्हणायचंय ते एवढंच. ज्या गोष्टींनी घर हैराण होतं, त्यांतल्या बहुतेक वाढीच्या असतात. आणि जे दुखणं तान्ह्याच्या जिवावर बेततं, ते पुष्कळदा आवाज न करता येतं. आपण नेमकं उलटं वागतो. रडणाऱ्याला गप करायला धावतो आणि गप पडलेल्याला निजू देतो.

आधी रडण्याचं बघू. टी. बेरी ब्रॅझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी ८० धडधाकट बाळांच्या आयांकडून रोजच्या रडण्याची नोंद करवून घेतली आणि १९६२ मध्ये ती प्रसिद्ध केली. दुसऱ्या आठवड्यात ही बाळं दिवसाला पावणेदोन तास रडत होती. सहाव्या आठवड्यात ते पावणेतीन तासांवर गेलं आणि तिसऱ्या महिन्याअखेर निम्म्याहून खाली आलं. सर्वांत जास्त रडणं संध्याकाळचं. म्हणजे सव्वा महिना संपला, बाळंतीण जरा हिंडू-फिरू लागली, पाहुणे ओसरले, की नेमकं त्याच वेळी लेकराचं रडणं शिगेला पोचतं, आणि तेही तिन्हीसांजेला. मग दृष्ट काढली जाते. मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली की थोड्या वेळाने लेकरू शांत होतं. रडण्याची वेळ तोवर सरत आलेली असते. त्या ओवाळण्याला माझा विरोध नाही. त्यात बाळाच्या पोटात काही जात नाही, आणि हैराण झालेल्या घराला काहीतरी केल्याचा धीर येतो. विरोध आहे तो कोंदट खोलीत शेगडीवर ओवा-वेखंडाची धुरी करून त्यावर बाळ धरण्याला. त्याच्या छातीला धूर सोसत नाही.

पोट भरलेलं आहे, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, आणि तरीही रडतंय, तर त्याला खांद्यावर घ्या, छातीशी धरा, अंगणात फिरवा. थकून गेलात तर पाळण्यात ठेवून दुसऱ्याच्या हवाली करा. रागाच्या भरात हिसडे मात्र कधीच देऊ नका. मान न धरलेल्या बाळाच्या मेंदूत एका जोरदार हिसड्याने रक्तस्राव होऊ शकतो.

निजेचंही असंच आहे. नवजात बाळ २४ तासांत १४ ते १७ तास निजतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांनी. दिवस-रात्रीची समज त्याला दोन ते चार महिन्यांत येते. त्याआधी ‘दिवसा झोपतंय आणि रात्री खेळतंय’ ही तक्रार खरी असली तरी तो आजार नाही. त्याची निम्मी झोप हलती असते. पापण्यांखाली डोळे फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, मध्येच हसतं, मध्येच कण्हतं. सटवाई हसवते-रडवते असं आपल्या आज्या म्हणत आल्या. त्यांनी पाहिलं ते अगदी बरोबर होतं. अशा वेळी ‘जागं झालं’ म्हणून लगेच उचललं, तर झोप पुरी न झालेलं बाळ खरंच जागं होतं. क्षणभर थांबावं.

रात्री दोनदा-तीनदा उठणाऱ्या बाळाच्या आईला आपल्याकडे पहिला टोमणा बसतो, “तुझं दूध पुरत नाही.” मग बाटली येते. वस्तुस्थिती अशी की दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं आणि रात्रीचं पाजणं हेच पुढच्या दिवसाच्या दुधाचं भांडवल आहे. दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. पहिला आठवडा सरल्यावर दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओला होतोय आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन वाढतंय, तर दूध पुरतंय.

इथे आपल्या मातीचा एक खास प्रश्न येतो. आपला तालुका वर सातपुड्याला टेकलेला आणि खाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्ट्यात उतरलेला. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि ‘लेकराचा घसा सुकत असेल’ म्हणून चमचा-चमचा पाणी सुरू होतं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाण्याचा थेंबही लागत नाही, आपल्या उन्हाळ्यातसुद्धा. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं. ऊन वाढलं की बाळ वारंवार पितं आणि तेवढं त्याला पुरतं. पाणी आईने भरपूर प्यायचं. वरचं पाणी म्हणजे पोटात जंतू आणि दुधाची घट. विहिरीचं पाणी खारं असेल आणि त्यातच पावडरचं दूध कालवलं, तर इवल्याशा मूत्रपिंडांवर मिठाचा वेगळाच बोजा.

निजवण्याबद्दल दोन गोष्टी पटकन सांगतो. बाळ उताणं निजवा. पालथ्या झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जास्त असतं, हे कळल्यावर न्यूझीलंड, इंग्लंड, अमेरिकेत १९९० च्या दशकात त्यावर मोहिमा झाल्या आणि तिथले असे मृत्यू निम्म्यावर आले. झोळीत-पाळण्यात उताणं निजवणारे आपण यात आधीपासून बरोबर होतो. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली मोहरीची उशी मात्र काढून टाका, आणि दुपट्यात गुंडाळताना पाय ताठ बांधू नका. खुब्याचे सांधे बिघडतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पाचव्या रात्री आपण पाचवी पुजतो. पाटा-वरवंटा मांडतो, दिवा तेवत ठेवतो, घरातल्या बाया जागतात. सटवाई येऊन कपाळी लिहून जाते म्हणतात. मी या रात्रीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. पहिल्या महिन्यात जी बाळं जातात, त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात जातात. विळ्याने नाळ कापली जायची तेव्हा धनुर्वातही याच दिवसांत गाठायचा. भारतातून नवजातांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर व्हायला २०१५ साल उजाडावं लागलं. ज्या दिवसांत मरण सर्वांत जवळ, त्याच दिवसांत बाळावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवायचा, एवढं तर त्या बायांना ठाऊक होतं. काय पाहायचं आणि दिसलं तर काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ते सांगण्याचं काम आपल्याच विदर्भात झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. मुलं न्यूमोनियाने जात होती. आपल्याकडे जुनी माणसं ज्याला ‘डबा झाला’ म्हणतात, ते हेच. बरगड्यांखाली खड्डा पडतो, पोट उडतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त आणि पाच वर्षांपर्यंतचं मूल ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग एक साधं यंत्र तयार झालं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दाईने दहापर्यंत मोजायचं आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्याला हात गेला, की औषध सुरू. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई त्या मण्यांवर न्यूमोनियाचं निदान करू लागली.

पुढे नवजात बाळांचा प्रश्न आला. १९९० च्या दशकाच्या मध्याला ३९ गावांमधल्या आरोग्यदूत बायका बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. बाळाचं वजन, तापमान, दूध, नाळ बघायच्या, आणि बाळाला जंतुदोष झाला तर घरीच उपचार करायच्या. पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ होते, ते १९९८ पर्यंत २५ च्या आसपास आले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज आशाताई तुमच्या दारात तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, त्या भेटींचा उगम गडचिरोलीच्या या कामात आहे. त्यांना ‘नंतर या, बाळ निजलंय’ म्हणून दारातून परत पाठवू नका.

त्या बायकांना जी लक्षणं शिकवली होती, ती ऐका. आधी चांगलं रडत होतं, आता क्षीण रडतं किंवा रडतच नाही. आधी दूध ओढत होतं, आता ओढत नाही. हातपाय ढिले पडले. अंग हाताला गार लागतं. उलट्या होतात किंवा पोट फुगलंय. कण्हतंय, छाती आत ओढली जाते. बेंबीतून पू येतोय. यांतली दोन एकत्र दिसली, की जंतुदोष धरायचा. यात रक्ततपासणी नाही, यंत्र नाही. यातली पहिली दोन लक्षणं फक्त आईच सांगू शकते, कारण ‘आधी’ कसं होतं हे तिलाच माहीत असतं. आणि बघा, यादीत ताप नाही आणि आकांत नाही. गार, ढिलं आणि गप्प. हेच ते ‘गुणाचं लेकरू’.

पोट फुगण्यावर जरा थांबतो, कारण ते आपल्या डोंगरात फार भोगलं गेलं आहे. शेजारच्या मेळघाटात कोरकू वस्त्यांमध्ये लेकराचं पोट फुगलं की भूमका, म्हणजे तिथला वैदू, तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देतो. त्याला डंबा म्हणतात. २०२५ च्या फेब्रुवारीत २२ दिवसांच्या एका बाळाच्या पोटावर ६५ चटके दिल्याची बातमी आली, तेव्हा शहरात बसलेल्या माणसांनी अंधश्रद्धेवर पुष्कळ बोलून घेतलं. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. भूमक्याने लक्षण बरोबर ओळखलेलं असतं. नवजाताचं फुगलेलं पोट हे गडचिरोलीच्या यादीतही आहे. चुकतो तो उपाय, आणि चुकतो तो भयंकर. ज्या बाळात आधीच जंतू भिनलेत, त्याच्या अंगावर आणखी जखमा होतात. पण रात्री दोन वाजता डोंगरातल्या पाड्यावर त्या आईला डॉक्टरपेक्षा भूमका जवळ असतो. त्या आईला नुसतं रागावून काहीच साधत नाही. भूमक्यालाच ही सात लक्षणं शिकवून, १०८ ला फोन लावायला त्याच्याच हाती मोबाईल द्यावा, या मताचा मी आहे.

रांगत्या लेकरांच्या बाबतीत गप्प होण्याचं कारण बहुतेकदा जुलाब. टाळू खोल गेली की आपण ती तेलाने भरतो. टाळू आत जाते ती अंगातलं पाणी गेल्याने. भरायचं ते पोटातून. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि हजारो जीव वाचले. तीच आजची ओआरएसची पुडी. अंगणवाडीत, आशाताईंकडे ती फुकट मिळते. सोबत १४ दिवस झिंकची गोळी. जुलाब थांबले तरी गोळी पूर्ण चालवायची.

आता या मुद्द्याची दुसरी बाजू. लेकराला गप करायची आपल्याला एवढी घाई का?

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या बाया राबत होत्या, त्या काळची गोष्ट. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने डॉ. बार्न्स यांना या कामगार स्त्रियांची पाहणी करायला नेमलं. त्यांनी नोंदवलं की १०० पैकी ९८ तान्ह्यांना अफू दिली जाते. ‘बाळगोळी’ म्हणून ती बाजारात मिळायची. खेड्यापाड्यांतही ती होती, आणि सातपुड्यापलीकडचा माळवा तर अफूचंच ठिकाण. आई पहाटे गिरणीत जायची, दहा-दहा तासांनी परतायची. घरी बघायला कुणी नाही. गोळी दिली की लेकरू निजून राहायचं. भूक मरायची, शौचाला होत नसे, अंग वाढत नसे. मात्रा चुकली की श्वास थांबायचा. त्या आयांना लेकराची माया नव्हती असं कोण म्हणेल? त्यांच्याकडे वेळ नव्हता. गिरणीने तो विकत घेतला होता. म्हणून १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना ही मालकाची आणि सरकारचीही जबाबदारी असल्याचं मांडलं. १९२९ मध्ये तो कायदा झाला, देशातला तशा प्रकारचा पहिला.

अफूची गोळी गेली, पण तिची जागा रिकामी राहिली नाही. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने १८५१ मध्ये ग्राइप वॉटर काढलं. त्यात जुन्या काळी मद्यार्क असायचा. पुढे झोप आणणारी सर्दी-खोकल्याची औषधं आली. ‘मागच्या खेपेचं देऊन टाक, निजेल तरी’ हे वाक्य घराघरांत आहे. २०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने २० हून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यांतली पुष्कळ नागपूरच्या रुग्णालयांत होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची औषधं देऊच नयेत. खोकल्याने छातीतला कफ बाहेर पडतो. श्वास मोजा, पाजत राहा. वर्षावरच्या मुलाला रात्री अर्धा चमचा मध पुरतो. वर्षाच्या आत मधही नको.

आणि आता मोबाईल. चटणी-भाकरी उरकेपर्यंत दीड वर्षांचं पोर त्याच्यापुढे गुमान बसतं. दोन वर्षांपर्यंत पडदा अजिबात नको, असं बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सांगते. त्याचं कारण साधं आहे. लेकरू बोलायला शिकतं ते त्याच्या ‘बा-बा’ला कुणी उत्तर दिलं तर. दीड-दोन महिन्यांत ओळखीचं हसू, तीन-चार महिन्यांत मान, आठव्या-नवव्यापर्यंत बसणं, दीड वर्षापर्यंत चालणं, दोन वर्षांना दोन शब्द जोडणं. यांत महिना-दोन महिने मागेपुढे होतातच. शेजारच्या पोराशी तुलना करून रडू नका. पण शिकलेलं काही मूल विसरू लागलं, नावाने हाक मारली तर बघत नाही, असं दिसलं तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं त्यांना दाखवा. चालायला शिकवण्यासाठी आपला लाकडी पांगुळगाडा उत्तम. त्याला धरून मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. ज्यात बसवून सोडतात ते प्लास्टिकचं वॉकर घेऊ नका. कॅनडाने त्यावर २००४ मध्ये बंदीच घातली.

पण बाईचा दिवस पहाटे चारला सुरू होत असेल, तर मोबाईल देऊ नको म्हणून तिला सांगायचा अधिकार मला कितपत आहे? नोकरदार बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, आणि वेचणीचा हंगाम तिच्या बाळंतपणासाठी थांबत नाही. अंगणवाडीत दिवसा बसतात ती तीन वर्षांवरची मुलं. त्याहून लहानांना घरी न्यायचा शिधा मिळतो, दिवसभराची जागा मिळत नाही. मग लेकरू धुऱ्यावरच्या बाभळीला झोळीत, नाहीतर सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्या बहिणीची शाळा बुडते ती वेगळीच.

केंद्राची ‘पाळणा’ नावाची योजना आहे. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर त्यात करता येतं. आपल्या तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी त्यासाठी ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. पाळणाघर तालुक्याच्या गावी नको, शिवाराजवळ हवं. दुपारच्या सुट्टीत आईला चालत येऊन पाजता आलं पाहिजे. एका बाईकडे दुधावरची चार-पाचच लेकरं असावीत, आणि तिला शेतमजुरीइतकी तरी मजुरी मिळावी, नाहीतर वेचणी सुरू होताच तीही शेतात जाईल. ती बाई गावातलीच असावी, ती सात लक्षणं तिला तोंडपाठ असावीत आणि आशाताईंचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. वेचणी दसऱ्याच्या सुमाराला लागते. त्याआधी १५ ऑगस्टला ग्रामसभा असते. या सभागृहात जे सरपंच आणि सदस्य बसले आहेत, त्यांनी हा विषय त्या सभेच्या पत्रिकेवर घ्यावा. पत्रिका निघण्याआधी आयांच्या सह्यांचा अर्ज ग्रामपंचायतीत द्यावा लागेल, तो लिहून द्यायला मी आहे.